तुझ्या जिवावरचं पहिलं भाषण

दादा,

परवा तुझी शोकसभा झाली. आपल्या मंडळाच्या हॉलमध्येच, दुसरीकडे कुठे होणार. मी वीस-बावीस मिनिटं बोलले. छान बोलले असं सगळे म्हणताहेत. कौतुकाचे फोन अजून येताहेत आणि मी ते घेतेही आहे, कारण नाही घेतले तर कारण काय सांगायचं? पण जे बोलायला उभी राहिले होते ते झालं नाही. भलतंच झालं. ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहायला बसले आहे. आता तुला सांगणार कोण म्हणा. पण काही झालं की आधी तुझ्याकडे येऊन सांगायचं, ही सवय सोळा दिवसांत जाणारी नाही.

तुझी माफी मागायची होती. तेवढंच काम होतं माझं. तेराव्या वर्षी केलेल्या गोष्टीची माफी सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तीही माणूस गेल्यावर. उशीर झाला असं म्हणायलासुद्धा तोंड नाही मला. तू असतास तर "ज-जाऊ दे ना" म्हणून मोकळा झाला असतास. तू जन्मभर ते म्हणत आलास आणि मीही जाऊ देत आले. मला ते सोयीचं होतं, दुसरं काय.

तुझी जीभ अडायची. घरात हा विषय कोणी काढत नसे. बाहेर, काशीतल्या आपल्या दूधविनायकाच्या गल्लीत पोरं तुला 'हकलू' म्हणायची आणि तू मान खाली घालून पुढे जायचास. मी अगदी लहान होते तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांचे दादा असेच बोलतात: आधी एक अक्षर दोन-तीनदा, डोळे मिटलेले, मान जराशी डावीकडे, आणि मग उरलेला शब्द धाडकन. पण संध्या करताना, रुद्र म्हणताना तू कधी म्हणजे कधी अडला नाहीस. मंत्रात तुझा आवाज सरळ वाहायचा. आजोबा तीर्थपुरोहित, बाबाही तेच. आपल्या खालच्या दोन खोल्यांत बारा महिने महाराष्ट्रातून आलेलं कोणी ना कोणी उतरलेलं असायचं, कोणाच्या अस्थी, कोणाचं श्राद्ध. बाबांना तुझी काळजी होती. "मंत्र तर बिल्कुल बरोबर म्हणतो," ते आईला सांगायचे, "पण जजमान काही पूछेल तेव्हा काय करेल हा? मंत्रातच जवाब देईल?" हे ते तुझ्यासमोरच म्हणायचे. तू समिधा मोडत बसलेला असायचास.

पुढे तू तेच काम केलंस, बाबांपेक्षा चांगलं केलंस. मला सगळ्यात आठवते ती तुझी एक रीत. संकल्पात माणसाचं नाव, गोत्र, बापाचं, आज्याचं नाव यावं लागतं. मंत्र पाठ असतात, पण नावं रोज नवीन, आणि नव्या नावावर तू अडणार हे तुला पक्कं माहीत होतं. म्हणून नावाची जागा आली की तू थांबायचास आणि नुसता हात पुढे करायचास. तुम्हीच म्हणा. घाटावरचे बाकीचे गुरुजी सगळं भराभर स्वतःच उरकतात, जजमानाने फक्त पाणी सोडायचं. तुझ्यासमोर बसलेल्या माणसाला आपल्या आईचं नाव आपल्याच तोंडाने घ्यावं लागे, आणि तिथे भल्याभल्यांचा बांध फुटे. परवा सभेत एका गृहस्थांनी हे फार चांगलं सांगितलं. म्हणाले, ही गुरुजींची थोर समज होती, शोक आतल्या आत राहू नये म्हणून त्यांनी ही पद्धत घातली. मी खाली खुर्चीत बसून ऐकत होते. समज थोर होतीच रे. पण ती तुला तुझ्या भीतीपायी सुचली, हे तुला आणि मलाच माहीत होतं. 

माझ्या तेराव्या वर्षी गणपतीत मंडळाने वक्तृत्व स्पर्धा ठेवली आणि बाबांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. विषय होता 'काशीतला मराठी माणूस'. मी जेवण सोडलं. पोटात कळा यायच्या, खऱ्या यायच्या, आणि आई ओवा देत सुटली होती. चारचौघांत उभं राहून बोलायचं या नुसत्या विचाराने मला हुडहुडी भरायची. एकटा तूच म्हणालास, "घ-घबरू नको. मी ल-लिहून देतो. तू फक्त म-म्हणायचंस."

सतरा वर्षांचा होतास तू. सरळ रेघांच्या वहीत हिरव्या शाईने लिहून दिलंस. आणि मग जी काही शिकवणी लावलीस, तशी मी पुढे कोणाकडे पाहिली नाही. पहाटे मला दशाश्वमेध घाटावर न्यायचास. स्वतः घाटावरच्या पंड्यांच्या चार छत्र्या सोडून पलीकडच्या छत्रीखाली बसायचास आणि मला अलीकडे उभं करायचास. मध्ये नाववाले ओरडताहेत, न्हावी गिऱ्हाइकं बोलावताहेत, कोणी अंघोळ करून ओलेत्याने रामनाम घेतंय. तुला ऐकू आलं तर तू हात वर करणार, नाही आलं तर मी परत पहिल्यापासून. तीन दिवस तुझा हात वर झाला नाही. चौथ्या दिवशी झाला, आणि मी इतकी खूश झाले की पुढचं सगळं विसरले.

मग संध्याकाळी यात्रेकरूंपुढे. ही युक्ती फक्त तुलाच सुचू शकते. "ही म-माणसं उद्याच्या गाडीने जाणार," तू म्हणालास, "चुकलीस तरी प-परत दिसणार नाहीत. ह्यांना काय ड-डरायचं?" आणि तू मला खालच्या खोलीच्या दारात उभं केलंस. आत साताऱ्याकडची एक म्हातारी आणि तिचा मुलगा. सकाळीच म्हाताऱ्याच्या अस्थी सोडून आलेले. मी भिंतीकडे बघत सगळं भाषण घडाघडा म्हटलं. म्हातारी म्हणाली, "पोरी, ग्वाड बोललीस. पर माझं ध्यान न्हवतं बग. आमच्या मालकास्नी सोडून आले न्हवं का सकाळी. फिरून म्हन." मी फिरून म्हटलं. तिने या खेपेला सगळं ऐकलं, पदराने नाक पुसत ऐकलं. बाहेर आल्यावर तू मला म्हणालास, ह्यांच्यापुढे बोललीस, आता हॉल म्हणजे काहीच नाही. दोन-तीनदा अडलास हे बोलताना, पण तुझा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं तूच बोलून आलायस.

आता ते लिहिते जे मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

हॉल भरला होता. भाद्रपदातला बनारसचा उकाडा, पंखे नुसते फिरत होते. माझा नंबर चौथा. आधीच्या तिघांनी काय म्हटलं ते मला तेव्हाही कळलं नाही; माझे पाय गार पडले होते तेवढं आठवतं. नाव पुकारलं, मी वर चढले, कोणी तरी माइक माझ्या उंचीला खाली केला आणि तो किंचाळला. आणि पहिलं वाक्य गेलं. 'गंगेच्या काठी आपण आलो ते पाहुणे म्हणून, आणि राहिलो ते घरचे म्हणून.' झोपेतसुद्धा म्हणत होते मी ते. ते असं गेलं की जसं कधी नव्हतंच. मी उभी. हॉल गप्प. कोणी तरी खाकरलं.

तू पहिल्या रांगेत होतास, बाबांच्या शेजारी. तुझे ओठ हलताना मला दिसले. ऐकू येत नव्हतं. तू पुढे सरकलास. तरी येईना. मग तू अर्धा उठलास. चारचौघांत पाणीसुद्धा न मागणारा तू, त्या भरल्या हॉलमध्ये मला वाक्य द्यायला उठलास, मोठ्याने म्हणालास, "ग-ग-ग..." आणि अडलास. डोळे मिटले. मान डावीकडे गेली. मागे कोणी तरी फिसकन हसलं.

मी तुझ्याकडे पाहिलं. हॉलकडे पाहिलं. आणि माइकवर, डोळे मिटून, मान डावीकडे टाकून म्हणाले, "ग-ग-ग-गंगेच्या..."

अख्खा हॉल हसला. बाबासुद्धा हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बायका पलीकडच्या बाजूला बसल्या होत्या, आईचं तोंड मला दिसलं नाही.

आणि दादा, माझी भीती गेली. पायात रुतलेला काटा निघावा तशी गेली, एका झटक्यात. घसा सुटला, पाय जागेवर आले, पहिलं वाक्य आपण होऊन परत आलं आणि मागोमाग सगळं भाषण आलं. मी ते ठरवून केलं नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तेरा वर्षांची पोर, घाबरलेली, तोंडातून निघून गेलं. खोटं आहे ते. ते करण्याआधी एक क्षण होता, आणि त्या क्षणात मला नीट कळत होतं की लोक तुला हसताहेत तोवर मला हसणार नाहीत. मी हिशेबाने केलं.

तू खाली बसलास. मला वाटलं होतं उठून जाशील. तू गेला नाहीस. भाषण संपेपर्यंत माझ्याकडेच बघत होतास, आणि तू शिकवलंस तिथे मी थांबले की मान हलवत होतास. मला पहिलं बक्षीस मिळालं. एका काकांनी स्टेजखाली माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, काय हजरजबाबी आहे हो पोरगी! घरी येताना बाबा पुढे, आई मागे, मध्ये आपण दोघं. कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी तू म्हणालास, "आवाज म-मागेपर्यंत आला." बस, एवढंच. त्या दिवसाबद्दल तू मला दुसरं काहीही म्हणाला नाहीस.

'हकलू' हे नाव त्या दिवसापासून मागे पडलं. पोरं तुला 'गगगंगा' म्हणायला लागली. पार मंगला गौरीच्या देवळापर्यंत पोचलं ते नाव. तुझं लग्न झालं तेव्हासुद्धा वरातीत मागून कोणी तरी हाक मारली होती. गल्लीला ते नाव मी दिलं होतं, माइकवरून.

आणि तू मला भाषणं लिहून देत राहिलास! कॉलेजच्या सगळ्या स्पर्धा, आंतरविद्यापीठ, सगळं तुझं लिखाण. मला नोकरी लागली ती बोलता येतं म्हणून. मुलींना हिंदी शिकवता शिकवता मी कार्यक्रमांचं संचालन करायला लागले आणि शहरात माझं नाव झालं. मंचावर बोलायला घाबरणाऱ्या मुलींचा वर्गही घेते मी दर वर्षी, तुला माहीतच आहे. त्यात पहिल्या दिवशी सांगते, पहिल्या मिनिटात समोरच्याला हसवा, आपली भीती आपोआप जाईल. मुली वहीत उतरवून घेतात. कशावर हसवा ते मी सांगत नाही.

तू मात्र हॉलमध्ये थांबणं सोडलंस. दर गणपतीत स्थापनेची पूजा तुझ्याकडे, प्राणप्रतिष्ठा काय सुरेख करायचास, पण आरती झाली की धोतर सावरत मागच्या दाराने बाहेर. कार्यक्रमाला कधी नाही. मी विचारलं की, "ग-गर्दी सोसत नाही." रोज घाटावर हजारोंच्या गर्दीत बसणारा माणूस हे सांगायचा आणि मी ऐकून घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी तुझ्या मुलाच्या लग्नात आपलं वाजलं, ते आठवतं? संचालन माझ्याकडे, अंगात आलेलं माझ्या. तुला न विचारता जाहीर करून टाकलं की आता वरपिता दोन शब्द बोलतील. तू लांबूनच हात जोडलेस आणि आत निघून गेलास. माझी शोभा झाली असं वाटून मी मागच्या खोलीत येऊन तुझ्यावर तुटून पडले. "दोन शब्द, दादा! सगळ्यांचे आभार, एवढं म्हणाला असतास तरी झालं असतं. लोक काय शेर आहेत, खातील तुला? एवढा कसला डर तुला?"

तू अक्षतांचं तबक खाली ठेवलंस. "तुझा ग-गेला ना डर?" म्हणालास. "म-मग प-पुरे झालं."

मला कळलं. लगेच कळलं. आणि मी न कळल्यासारखं करून म्हणाले, "हे काय उत्तर झालं?" तू म्हणालास, चल, पंगत बसतेय. तो वाद तिथेच राहिला. मी तेव्हा तुझ्या पायाशी बसायला हवं होतं. मी श्रीखंड वाढायला गेले.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी दुपारी आपण दोघंच होतो. वहिनी घरी अंघोळीला गेली होती. तुझ्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, बाहेर पौषातलं धुकं दुपारीही निवळलेलं नव्हतं. मला माहीत होतं की हीच वेळ आहे. आणि मी बोलत सुटले. डॉक्टर काय म्हणाले, वॉर्डबॉय कसा उद्धट आहे, गीझर कसा बिघडलाय, नातवाला नाव काय ठेवायचं. पाऊण तास बोलले असेन, एकदाही न अडता. तू माझा हात दाबलास, बहुतेक गप्प बस म्हणून. मी गप्प बसले नाही. चार वाजता वहिनी आली.

म्हणून मी ठरवलं की सभेत सांगायचं. जिथे केलं तिथेच, त्याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. कार्यवाह घरी आलेच होते विचारायला, "ताई, तुम्हीच बोला, तुमच्याइतकं कोण बोलणार?" मी हो म्हटलं. आणि दादा, मी घाबरले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हासारखंच दोन दिवस जेवण गेलं नाही. खुर्चीत बसले होते तर पाय गार. मुलींना शिकवते ते सगळे उपाय करून पाहिले, श्वास मोजले, मूठ आवळली, तिसऱ्या रांगेतला एक चेहरा धरून ठेवला. काही उपयोग झाला नाही. मला बरं वाटलं उलट. वाटलं, आज खरं बोलणार म्हणूनच भीती वाटतेय, हेच माझं खरं पहिलं भाषण.

उभी राहिले. सुरुवातीला आवाज कापत होता, लोकांना वाटलं रडू येतंय. छत्र्यांचं सांगितलं, यात्रेकरूंचं सांगितलं, पहिलं वाक्य गेल्याचं सांगितलं. "दादा मला वाचवायला उठला," म्हटलं, "आणि त्याची जीभ अडली. आणि मी..." इथे मी फक्त एवढंच म्हणायचं ठरवलं होतं की मी त्याची नक्कल केली. चार शब्द. घरी पन्नास वेळा म्हणून गेले होते. पण माइक समोर होता, हॉल श्वास रोखून ऐकत होता, आणि एवढ्या वर्षांची सवय, दादा. मी नेमकी थांबले. नेमके डोळे मिटले. मान डावीकडे गेली. "ग-ग-ग-गंगेच्या..."

हसले रे सगळे.

वाईट नव्हतं ते हसणं. मायेचं होतं. बहीण-भावाची लहानपणची गंमत सांगतेय, असं वाटलं त्यांना. काही जणी डोळे पुसत हसत होत्या. मी म्हटलं, "हसू नका." तर आणखी हसले, त्यांना वाटलं तेही त्यातलंच. आणि माझे पाय गरम झाले. घसा सुटला. भीती गेली. ती जाताना मला कळली आणि मी तिला थांबवू शकले नाही. पुढची दहा मिनिटं मी जी बोलले ती एखादी सराईत बाई बोलते तशी. तुझा त्याग, तुझी माया, काशीची परंपरा, सगळं आलं. माफी आली नाही. शेवटी दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, मग शोकसभा आहे हे लक्षात येऊन थांबले. बाहेर शेजारच्या मिश्राजींनी हात जोडले, "दीदी, आपने तो रुलाते-रुलाते हँसा दिया." मी म्हटलं, "जी, धन्यवाद."

वहिनी पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

काल सकाळी तिच्याकडे गेले. ती तुझी धोतरं घडी करून ठेवत होती. चहा दिला तिने, स्वतः घेतला नाही.  मग मान वर न करता म्हणाली, "वन्सं, हे मला ठाऊक नव्हतं."

मी म्हटलं, "दादाने कधीच काही सांगितलं नाही तुला?"

"नाही. बत्तीस वर्षांत तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही त्यांच्या तोंडी. गगगंगा म्हणायचे ना त्यांना, ते कुठून आलं विचारलं तर म्हणायचे, पोरांना काय, काहीही म्हणतात." तिने घडी मोडली, परत घातली. "एकदाच एक सांगितलं होतं. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी, मीच छेडलं होतं त्यांना, तुम्ही सभेत का नाही बोलत म्हणून. तर म्हणाले, सतराव्या वर्षी नाव दिलं होतं मी. मंडळाच्या स्पर्धेत, मोठ्या गटात. धाकटीला शिकवता शिकवता मलाही वाटायला लागलं की आपल्याला जमेल. मंत्रासारखं पाठ करून टाकलं होतं म्हणे सगळं. लहान गटाच्या दुसऱ्या दिवशी मोठा गट होता. पण नेमका ताप आला, म्हणून जाता आलं नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मी इतकी वर्षं तो ताप खरा समजत होते, वन्सं."

  मी निघाले तेव्हा तिने पोचवायला दारापर्यंत यायचं टाळलं, आणि मला ते बरोबर वाटलं.

दादा, तुला ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू गच्चीवर बसून माझ्या बक्षिसाच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालत होतास आणि मी शेजारी बसून तुला घाई करत होते. हॉल हाकेवर. लाउडस्पीकर लावलेला, मोठ्या गटातलं एकेक नाव गच्चीवर स्वच्छ ऐकू येत होतं. त्यात तुझंही पुकारलं असणार. एकदा पुकारून, थोडं थांबून, पुन्हा एकदा पुकारतात. तू कागदाची कड दुमडत राहिला असशील. मी तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि मला ते नाव ऐकू आलं नाही.

दादा, माझं चुकलं.